ईएनएचं सभासदत्व ते सीईएन: इमर्जन्सीतल्या एका नर्सचा अनुभव

सीईएनचा, म्हणजे सर्टिफाइड इमर्जन्सी नर्स या परीक्षेचा, निकाल लागल्यापासून इथल्या आणि भारतातल्या नर्स मैत्रिणींचे तेच तेच प्रश्न येतायत. ईएनएचं, म्हणजे इमर्जन्सी नर्सेसच्या अमेरिकेतल्या संघटनेचं, सभासद व्हायला काय लागतं? पैसे भरून हाती काय पडतं? रात्रपाळ्या आणि घर सांभाळून हे झेपतं का? प्रत्येकीला व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांत उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सलग लिहून ठेवते. मी टेक्सासमध्ये काम करते, त्यामुळे लायसन्सचे आणि कायद्याचे नियम इथले आहेत. तुमच्या राज्याचे नियम वेगळे असतील, ते तुमच्या बोर्ड ऑफ नर्सिंगच्या वेबसाइटवर बघून घ्या.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंग केलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली आणि मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीत काही वर्षं काढली. लग्नानंतर नवऱ्याच्या एच-वन-बी या कामाच्या व्हिसामागे एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर इकडे आले. त्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डच्या वाटेवरचा कंपनीचा अर्ज, मंजूर झाल्यावर मला ईएडी मिळालं, म्हणजे काम करायची परवानगी. मग परदेशी नर्सेसचे कागद तपासणाऱ्या सीजीएफएनएस या संस्थेकडून कागदांची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, टेक्सासची ज्युरिसप्रुडन्स म्हणजे नर्सिंगच्या कायद्याची परीक्षा आणि एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा. यातली सगळ्यात लांब वाट कागदांची असते. गुणपत्रिका आणि नोंदणीची पडताळणी कॉलेजकडून आणि कौन्सिलकडून थेट जावी लागते, आपण स्वतः पाठवलेली चालत नाही. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी. २०२१ च्या सुरुवातीला एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात रुजू झाले.

कोविडचे दिवस होते. प्रिसेप्टरबरोबरचं, म्हणजे शिकवणाऱ्या अनुभवी नर्सबरोबरचं, ओरिएंटेशन संपलं की संध्याकाळी सात ते सकाळी सात तुम्ही आणि तुमचे पेशंट. कामाची भीती मला नव्हती. आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत राबलेली सिस्टर गर्दीला घाबरत नाही. त्रास वेगळाच होता. रात्री तीन वाजता एक निर्णय घ्यायचा, पेशंट वर वॉर्डात जायचा आणि तो निर्णय बरोबर होता का हे कधी कळायचंच नाही. विचारायचं कुणाला? जिच्याकडे विचारावं ती स्वतः धावपळीत. सकाळी सगळ्या दमून घरी. मी खिशातल्या छोट्या वहीत प्रश्न लिहून ठेवायचे आणि ती वही भरत चालली होती.

ब्रेक रूममध्ये कुणीतरी जर्नल ऑफ इमर्जन्सी नर्सिंगचा एक अंक ठेवला होता. एका रात्री जरा शांतता होती म्हणून चाळला. ट्रायाजवरचा, म्हणजे आलेल्या पेशंटमध्ये आधी कुणाला बघायचं हे ठरवण्यावरचा, लेख होता. माझ्या वहीतला प्रश्न कुणीतरी आधी विचारला होता, त्यावर काम केलं होतं आणि ते छापूनही आलं होतं. अंक इमर्जन्सी नर्सेस असोसिएशनचा, म्हणजे ईएनएचा. वर्षाला सहा निघतात आणि १९७५ पासून निघतायत. घरी येऊन झोपायच्या आधी संघटनेची माहिती वाचून काढली.

संघटना १९७० ची. देशाच्या एका टोकाला बफेलोमध्ये अनिता डॉर आणि दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियात जुडिथ केलेहर, अशा दोन नर्सेस आपापल्या भागात इमर्जन्सीतल्या नर्सेसना एकत्र आणत होत्या. दोघींना एकमेकींच्या कामाचा पत्ता लागला आणि दोन्ही गट एक झाले. तेव्हा नावात ‘डिपार्टमेंट’ होतं. १९८५ मध्ये ते बदलून इमर्जन्सी नर्सेस असोसिएशन झालं, कारण काम खोलीचं नसून नर्सचं आहे. आज सभासद पन्नास हजारांच्या आसपास आहेत. आपण रोज ज्या क्रॅश कार्टचे ड्रॉवर ओढतो, ती तातडीची सगळी सामग्री एका ठिकाणी ठेवणारी गाडी तयार करण्याचं श्रेयही अनिता डॉरला दिलं जातं. हे वाचल्यावर पुढच्या ड्युटीला कार्टचं सील तपासताना मला फार बरं वाटलं. ही वस्तू कुणा नर्सच्या डोक्यातून आली असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

जानेवारी २०२२ मध्ये अर्ज भरला. ऑनलाइन आहे, चहा निवायच्या आत होतो. नाव, पत्ता, आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्सची माहिती, कामाचं ठिकाण, कामाचा प्रकार. शिफारसपत्र नाही, मुलाखत नाही, अनुभवाची अट नाही. वर्षाची फी तेव्हा शंभर डॉलरच्या थोडी वर होती. एकदम जास्त वर्षांची भरली तर दरवर्षीच्या हिशेबाने थोडी स्वस्त पडते. मी एका वर्षाचीच भरली. नवीन नोकरी, घरभाडं आणि गावी पाठवायचे पैसे बघता तेवढंच जमत होतं.

अर्ज भरताना दोन गोष्टी बघा. ईमेल हॉस्पिटलचा देऊ नका, स्वतःचा द्या. नोकरी बदलली की तो ईमेल बंद होतो आणि कोर्सची सर्टिफिकेटं त्यातच अडकून पडतात. आणि फी भरायच्या पानावर दरवर्षी आपोआप नूतनीकरणाचा पर्याय आहे का, ते नीट बघून मगच पुढे जा. आणखी एक, पैशाचंच. बऱ्याच जणी समजतात की ही फी टॅक्समधून वजा होते. पगारी नोकरीत असाल तर २०१८ पासून फेडरल टॅक्समध्ये ती वजा करता येत नाही. त्यापेक्षा मॅनेजरला विचारा. काही हॉस्पिटलं क्लिनिकल लॅडरमध्ये, म्हणजे नर्सच्या बढतीच्या पायऱ्यांत, सभासदत्वाचे गुण देतात, काही फीच परत करतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी नाही मिळाली, दुसऱ्या वर्षी मिळाली. पावती मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

पैसे भरले की सभासद क्रमांक लगेच ईमेलवर येतो, आणि राहत्या पत्त्यावरून संघटनेची राज्य कौन्सिल आणि जवळचा चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, ठरते. पहिले काही महिने मी फक्त घरात बसून मिळणारं तेवढं घेतलं. सभासदांना बरेच ऑनलाइन कोर्स फुकट असतात आणि त्यांचे तास लायसन्सला चालतात. टेक्सासमध्ये दर दोन वर्षांनी लायसन्स नवं करताना वीस तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, किंवा त्याऐवजी मान्यताप्राप्त राष्ट्रीय सर्टिफिकेशन. शिवाय इमर्जन्सीत काम करणाऱ्या नर्सला न्यायवैद्यक पुरावा कसा गोळा करायचा याचे दोन तास एकदा करावेच लागतात, तेही इमर्जन्सीत लागल्यापासून दोन वर्षांच्या आत. ही अट बऱ्याच जणींना ठाऊकच नसते. मला ती ओरिएंटेशनमध्ये कळली होती पण मागे पडली होती. या निमित्ताने ती पूर्ण करून टाकली. त्यात शिकलेली एक गोष्ट आजही हात आपोआप करतात: गोळी किंवा चाकू लागलेल्या माणसाचे कपडे कापताना छिद्रातून कात्री घालायची नाही, बाजूने कापायचे, आणि प्लॅस्टिकच्या नाही तर कागदी पिशवीत ठेवायचे. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो.

इथपर्यंत फायदा होता, पण तो पैसे वाचण्याचा. खरा फरक पडला तो चॅप्टरच्या मीटिंगला गेल्यावर.

मी टाळत होते. उच्चार कळतील का, लोक ओळखीचे असतील का, रात्रपाळी करून संध्याकाळी पुन्हा घराबाहेर कोण पडणार. एप्रिलमध्ये विषय ट्रायाजचा होता म्हणून गेले. एका हॉस्पिटलची साधी कॉन्फरन्स रूम, वेगवेगळ्या हॉस्पिटलांतल्या नर्सेस, काही स्क्रबमध्येच आलेल्या. आधी मागच्या मीटिंगचं इतिवृत्त, मग खजिनदाराचा हिशेब, मग राज्य कौन्सिलकडून आलेले निरोप. हे सगळं कंटाळवाणं वाटेल, पण मला आवडलं. आपल्या फीतून कुठे किती खर्च झाला हे उभं राहून सांगितलं जात होतं आणि कुणीही प्रश्न विचारू शकत होतं. त्यानंतर तासाभराचं व्याख्यान, त्याचा एक तास लायसन्ससाठी मिळतो.

विषय होता ईएसआय, म्हणजे इमर्जन्सी सिव्हिरिटी इंडेक्स. १९९० च्या दशकाच्या शेवटी रिचर्ड वुअर्झ आणि डेव्हिड आयटेल या डॉक्टरांनी ही पाच पातळ्यांची पद्धत तयार केली आणि २०१९ पासून ती ईएनएकडे आहे. पद्धत वरवर सोपी आहे. पेशंट आत्ता जीव वाचवायची कृती करावी लागेल अशा अवस्थेत आहे का? असेल तर एक. थांबवून ठेवणं धोक्याचं आहे का? असेल तर दोन. नसेल तर त्याला किती प्रकारच्या गोष्टी लागतील याचा अंदाज घ्यायचा: रक्त तपासणी, एक्स-रे, सलाईन वगैरे. एकही नाही तर पाच, एक लागली तर चार, दोन किंवा जास्त लागल्या तर तीन. आणि तीन देण्याआधी नाडी, श्वास, ऑक्सिजन बघायचे. ते बिघडलेले असतील तर दोनचा विचार करायचा.

माझ्या वहीतला प्रश्न यातल्या दोन आणि तीनच्या मधला होता. सत्तरीच्या पुढच्या, मधुमेह असलेल्या एक बाई चालत आल्या होत्या. छातीत दुखत नाही, फक्त ‘दोन दिवसांपासून खूप थकवा’. बीपी, नाडी जवळपास ठीक. मी दोन दिलं होतं आणि लगेच ईसीजी करायला लावला होता. त्या रात्री वेटिंग रूम ओसंडून वाहत होती आणि हे दोन कशाला, तीन पुरलं असतं, असं मला ऐकावं लागलं होतं. त्यांचं पुढे काय झालं ते मला कळलं नव्हतं. हात वर करून मी हे विचारलं. व्याख्यान बाजूला राहिलं आणि पुढचा बराच वेळ त्या बाईंवरच चर्चा झाली. तीस वर्षं इमर्जन्सीत असलेल्या एका नर्सने सांगितलं की वयस्कर, मधुमेही बायकांमध्ये हार्ट अटॅक छातीत दुखल्याशिवायही येऊ शकतो. म्हणून त्यांच्या हॉस्पिटलात अशा तक्रारींची यादी ट्रायाजच्या टेबलावर लावलेली आहे: थकवा, धाप, मळमळ, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं. त्या सगळ्यांना दहा मिनिटांत ईसीजी, वेटिंग रूम कितीही भरलेली असो. दुसऱ्या एकीने विचारलं, ‘तुमच्याकडे ट्रायाजचं ऑडिट कोण करतं?’ मला माहीत नव्हतं. परत जाऊन एज्युकेटरला विचारलं, तेव्हा कळलं की ऑडिट होतं आणि त्यात आपलीच केस मागून घेता येते. मी घेतली. त्या बाईंचं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारी रक्ततपासणी, वाढलेलं निघालं होतं.

गाडी चालवत घरी येताना मला रडू आलं होतं. कित्येक महिने एकटीने वाहिलेली गोष्ट त्या खोलीत सहज उतरली होती. म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हेच सांगते, सभासद झालीस तर मीटिंगला जा. नुसतं कार्ड घेऊन बसणार असशील तर ते पैसे कोर्सच्या सवलतींतून कसेबसे वसूल होतील, एवढंच.

ऑक्टोबर २०२२ मध्ये टीएनसीसी केलं. ट्रॉमा नर्सिंग कोअर कोर्स, म्हणजे गंभीर इजा झालेल्या पेशंटला सांभाळण्याचा, ईएनएचा सगळ्यात ओळखीचा कोर्स. तुमचं हॉस्पिटल ट्रॉमा सेंटर असेल तर ते सक्तीचं असायची शक्यता मोठी आहे, आणि मग फीही तेच भरतं. माझी हॉस्पिटलने भरली, दोन दिवसांचा पगारही दिला. नोंदणी लवकर करा, जागा मोजक्या असतात. मी उन्हाळ्यात नाव घातलं तेव्हा ऑक्टोबरची तारीख मिळाली. पुस्तक जाडजूड आहे आणि वर्गाआधी ऑनलाइन धडे पूर्ण करावे लागतात. ते आदल्या रात्रीवर ठेवू नका. मी ड्युटी नसलेल्या सकाळी एकेक प्रकरण संपवलं.

कोर्सचा कणा म्हणजे ए ते जे ही अक्षरमाला. पेशंट आत येताना लांबूनच एक नजर टाकायची. रक्त वाहून चाललं असेल तर ते आधी थांबवायचं, श्वासमार्गाच्याही आधी. नाहीतर ए म्हणजे श्वासमार्ग आणि शुद्ध, मानेचा कणा धरून. बी श्वास, सी रक्ताभिसरण, डी मेंदूची अवस्था, ई कपडे काढून पूर्ण तपासणी आणि लगेच पांघरूण, कारण थंड पडलेल्या ट्रॉमाच्या पेशंटचं रक्त नीट गोठत नाही. एफमध्ये सगळे व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास वगैरे) आणि नातेवाईक. जीमध्ये तपासण्या, मॉनिटर, नळ्या, ऑक्सिजन आणि वेदनाशमन. एच इतिहास आणि डोक्यापासून पायापर्यंत तपासणी. आय पाठ बघणं. जे म्हणजे पुन्हा पुन्हा तपासत राहणं.

एफवर मी अडखळले. आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत आम्ही पहिलं काम काय करायचो तर नातेवाइकांना बाहेर काढायचो. वीस-वीस माणसं येतात, तिथे दुसरा इलाज नव्हता आणि मी त्याला आजही चूक म्हणणार नाही. इथे मात्र ट्रॉमाच्या तपासणीच्या क्रमातच लिहिलंय की कुटुंबातल्या माणसाला आत राहायची संधी द्या आणि त्याच्याजवळ समजावून सांगणारं एक माणूस उभं करा. ईएनएने ही भूमिका १९९३ मध्ये ठराव करून घेतली होती, तेव्हा तिला विरोधही बराच झाला होता. वर्गात प्रात्यक्षिकाला एकजण ‘आई’ झाली आणि आम्ही पुतळ्यावर काम करत असताना ती माझ्या खांद्यामागून विचारत राहिली, ‘तो ऐकतोय का?’ हात ट्यूबवर ठेवून तिला उत्तर देणं फार अवघड गेलं. नंतर एका खऱ्या रात्री एका बापाला आम्ही आत उभं राहू दिलं. त्याच्या मुलाला नाही वाचवू शकलो. जाताना तो एवढंच म्हणाला की तुम्ही सगळं केलंत, मी पाहिलं. त्याला बाहेर बाकड्यावर बसवलं असतं तर हे त्याला कधीच कळलं नसतं.

परीक्षा दोन भागांत होते. लेखी बहुपर्यायी, ८० टक्के लागतात. आणि प्रात्यक्षिक, ज्यात तुम्ही प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत पुतळ्यावर करून दाखवायची. काही पायऱ्या अत्यावश्यक असतात, त्यातली एक जरी सुटली तरी बाकीचे गुण कामाला येत नाहीत. म्हणून घरी बोलून सराव करा. मी स्वयंपाकघरात ए ते जे म्हणायचे, मुलगीही पाठ म्हणायला लागली होती. निकाल त्याच दिवशी कळला. कार्ड चार वर्षं चालतं.

आता २०२३ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. हा भाग लिहावा की नाही यावर बराच विचार केला. ट्रायाजमध्ये दारूच्या नशेतल्या एका माणसाचं बीपी घेत होते. कफ फुगायला लागला आणि त्याने मला कानशिलावर मारलं. सिक्युरिटी आली, त्याला आवरलं, मला बर्फ दिला. एक सहकारी प्रेमानेच म्हणाली, ‘इमर्जन्सीत हे चालायचंच.’ मी उरलेली पाळी पूर्ण केली. घरी कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर बीपीचा कफ हातात घेतला की मी नकळत एक पाऊल मागे सरकून उभी राहायचे.

चॅप्टरच्या मीटिंगनंतर पार्किंगमध्ये एका जुन्या सभासद बाईंना हे बोलले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘पोलिसांत तक्रार केलीस?’ मला वाटत होतं, पेशंटविरुद्ध तक्रार करताच येत नाही. त्यांनी सांगितलं ते असं. टेक्सासमध्ये २०१३ पासून इमर्जन्सी विभागातल्या कर्मचाऱ्याला कामावर असताना मारणं हा थर्ड डिग्री फेलनी आहे, म्हणजे दोन ते दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा गुन्हा. त्या कायद्यासाठी टेक्सासमधल्या इमर्जन्सी नर्सेस विधिमंडळात जाऊन बोलल्या होत्या. आणि त्याच वर्षी, २०२३ मध्ये, एसबी २४० नावाचा नवा कायदा मंजूर झाला होता. त्याप्रमाणे आरोग्यसंस्थांना १ सप्टेंबर २०२४ पर्यंत हिंसा रोखण्याची लेखी योजना करणं भाग होतं. त्यासाठीच्या समितीत प्रत्यक्ष पेशंट सांभाळणारी किमान एक नर्स हवी, मार खाल्लेल्या कर्मचाऱ्याला लगेच उपचार मिळायला हवेत आणि पोलिसांकडे जायला संस्थेने कुणाला परावृत्त करायचं नाही.

मी तक्रार नोंदवली. त्या माणसाला शिक्षा व्हावी म्हणून नव्हे, तर घडलेलं कागदावर यावं म्हणून. कागदावर नसलेली गोष्ट समितीपुढे जात नाही. पुढे आमच्या विभागाची समिती झाली तेव्हा ट्रायाजच्या खोलीला दुसरं दार मिळालं आणि टेबलाची दिशा बदलली, जेणेकरून दाराच्या बाजूला नर्स राहील. हे वाचणाऱ्या कुणालाही मारलं गेलं असेल तर त्याच पाळीत इन्सिडंट रिपोर्ट भरा, वेळ आणि साक्षीदार लिहा, लागलेल्या जागेची तपासणी करून घ्या. देशपातळीवरचा असाच कायदा २०१९ आणि २०२१ मध्ये हाउसमध्ये मंजूर होऊनही सिनेटमधून पुढे गेलेला नाही. त्यासाठी ईएनएचे सभासद दरवर्षी वॉशिंग्टनला जाऊन खासदारांना भेटतात. माझ्या फीतला काही भाग त्यावर खर्च होतो, आणि मला तो सगळ्यात योग्य खर्च वाटतो.

२०२४ च्या सुरुवातीला चॅप्टरने मला विषबाधेवर बोलायला सांगितलं. कारण साधं होतं. ऑर्गनोफॉस्फेट हे कीटकनाशक प्यायलेला पेशंट त्या खोलीतल्या बहुतेकींनी कधी पाहिला नव्हता आणि मी त्यातच घडले होते. कापूस-सोयाबीनच्या भागातली कॅज्युअल्टी, फवारणीच्या दिवसांत रोजचेच. मी त्यांना सांगितलं की आपल्याकडे अ‍ॅट्रोपिनचा, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचा, अँप्युल ०.६ मिलिग्रॅमचा असतो. एका पेशंटसाठी एक सिस्टर नुसते अँप्युल फोडत बसलेली असते, बोटांना काचेचे ओरखडे पडतात. डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यायचा तो छाती कोरडी होईपर्यंत, नाडी ऐंशीच्या वर जाईपर्यंत. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबायचं नाही. कपडे आधी काढायचे, केस धुवायचे, आणि हे करताना स्वतःचे हातमोजे, गाऊन विसरायचे नाहीत. प्रश्न खूप आले. एकीने विचारलं, ‘व्हेंटिलेटर शिल्लक नसेल तेव्हा काय करता?’ मी सांगितलं, नातेवाईक आळीपाळीने अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबतात आणि आम्ही त्यांना मोजायला शिकवतो. खोली शांत झाली होती. मराठवाड्यातल्या त्या वर्षांबद्दल या देशात मला पहिल्यांदाच कुणी इतकं मनापासून विचारलं होतं.

त्यानंतर सीईएनला बसायचं ठरवलं. इथे एक गोंधळ दूर करते. परीक्षा ईएनए घेत नाही, बीसीईएन नावाची स्वतंत्र संस्था १९८० पासून घेते. अर्ज तिकडे करायचा, पण ईएनएचा सभासद क्रमांक टाकला की फीत जवळपास शंभर डॉलर वाचतात, म्हणजे वर्षाच्या सभासदत्वाची बरीचशी भरपाई तिथेच होते. क्रमांक पैसे भरायच्या आधी टाका. दोन वर्षांचा अनुभव असावा असं सुचवलेलं आहे, सक्ती नाही. चालू, निर्बंध नसलेलं आरएन लायसन्स तेवढं हवं.

१७५ प्रश्न, तीन तास. त्यातले २५ गुणांत धरत नाहीत, पण कुठले ते कळत नाही. चॅप्टरमधल्या चौघींनी मिळून अभ्यासगट केला. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर एकेक विभाग घ्यायचो: हृदय, श्वसन, मेंदू, पोट आणि स्त्रीरोग, मानसिक आरोग्य, डोळे-चेहरा, विषबाधा आणि वातावरणाचे आजार. सर्पदंश मला सोपा जाईल असं वाटत होतं. पण आपल्याकडे मण्यार आणि नागाने श्वास बंद पडायची धास्ती, तर इथले प्रश्न रॅटलस्नेक आणि कॉपरहेडचे, म्हणजे सूज कुठवर चढली त्याच्या खुणा करत बसायचं आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या. हिमदंश तर पुस्तकातच पाहिला. कायद्याच्या भागात १९८६ चा एमटाला हा इमर्जन्सीतल्या उपचारांचा कायदा नीट वाचा. विमा आहे की नाही याची वाट न बघता तपासणी आणि पेशंट स्थिर करणं हे इमर्जन्सीचं कर्तव्य आहे, आणि त्यावर प्रश्न येतात.

परीक्षा नोव्हेंबरमध्ये दिली. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशीची तारीख घेऊ नका, मध्ये दोन रात्री झोपेच्या ठेवा. ओळखपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या आपल्याकडच्या बायकांनी हे खास बघावं. पास झाल्याचं केंद्रावरच कळलं. पार्किंगमधूनच अभ्यासगटाला फोन केला. एकीची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती, तिला आधी विषबाधेचे प्रश्न कसे होते तेच ऐकायचं होतं.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी. ईएनएचं सभासदत्व अमेरिकेबाहेरच्या नर्सेसनाही घेता येतं, पण डॉलरमधली फी भरण्याआधी आपल्याला त्यातलं काय वापरता येईल ते बघा. जर्नल आणि ऑनलाइन कोर्स मिळतील, चॅप्टरची खोली मिळणार नाही. आपल्याकडे १९०८ पासूनची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया आहे, तिच्या राज्यशाखा आहेत. इमर्जन्सीतच पुढे जायचं असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा इमर्जन्सी अँड डिझास्टर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, त्याची चौकशी करा. आणि आपल्याच शहरातल्या दोन-तीन हॉस्पिटलांच्या कॅज्युअल्टीतल्या सिस्टर महिन्यातून एकदा एका केसवर बोलायला बसल्या, तर त्याला कुणाचीच परवानगी लागत नाही.

माझं टीएनसीसीचं कार्ड ऑक्टोबर २०२६ मध्ये संपतंय, त्यासाठी नव्या आवृत्तीचं पुस्तक घ्यावं लागेल. सीईएन चार वर्षांनी नवं करायचं, एकतर शंभर तासांचं शिक्षण दाखवून किंवा पुन्हा परीक्षा देऊन. मी तासांचा रस्ता घेणार, म्हणून प्रत्येक सर्टिफिकेट त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाकते. आमच्या चॅप्टरच्या मीटिंगला सभासद नसलेल्या नर्सलाही येऊन बसता येतं. तुमच्या जवळच्या चॅप्टरला तसं चालतं का ते ईमेलवर विचारा, आणि येताना एखादी अडलेली केस घेऊन या, पेशंटचं नाव-गाव काढून.